काशाचा कुत्रा

माझे अब्बा परंड्याला सलोतरी होते, म्हणजे सरकारी गुरांचे डॉक्टर. निजामाचं राज्य होतं. मोठी लढाई दूर कुठंतरी चालली होती आणि आमच्याकडे ती फक्त साखर आणि रॉकेलच्या तुटवड्यापुरती पोचली होती. सकाळी दार उघडलं की अंगणात कुणी ना कुणी बैल धरून उभा असायचा. घरात आम्ही दखनी बोलायचो, उंबऱ्याबाहेर मराठी. अब्बा-अम्माचं बोलणं मी इथं मराठीतच लिहिते आहे. इतक्या वर्षांनी मला ते मराठीतच ऐकू येतं.

गावापासून काही अंतरावर एका जहागीरदारांची कोठी होती. बायको वारलेली, मुलं हैद्राबादला. त्यांच्या सोबतीला एक शिकारी कुत्रा होता. तो आजारी पडला तेव्हा अब्बांना बोलावणं आलं. अब्बा रोज सायकलवरून जायचे आणि उतरल्या चेहऱ्यानं परत यायचे. कुत्र्याच्या पोटात पाणीसुद्धा ठरत नव्हतं. तो वाचला नाही. शेवटच्या दिवशी अब्बा त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसले होते, हे जहागीरदारांनीच नंतर आमच्या घरी येऊन सांगितलं. ते आले तेव्हा छकड्यात पोत्यानं गुंडाळलेली एक वस्तू होती. ती उतरवायला दोन माणसं लागली.

पोतं काढलं आणि मी दोन पावलं मागं सरले. कुत्रा होता. काशाचा, पिकलेल्या चिंचेसारख्या काळपट रंगाचा. उंचीला माझ्या गुडघ्याच्या थोडा वर. पुढचा एक पाय उचललेला, मान लांब केलेली, शेपूट ताणलेलं. पोट खपाटीला गेलेलं आणि बरगड्या अशा की आता श्वास घेईल. पायाखाली गवताची पाती आणि एक सुकलेलं पान, तेही काशाचंच. समोर गवतात काहीतरी दडलंय आणि ते उडायच्या आधी आपण हलायचं नाही, एवढंच त्याच्या अंगात भरलेलं होतं.

"आमच्या वडिलांनी हैद्राबादला एका गोऱ्या साहेबाच्या लिलावात घेतला," जहागीरदार म्हणाले. "फ्रान्सचं काम आहे. तिथं म्हणे असे कारागीर होते, आयुष्यभर फक्त जनावरंच घडवायचे. माणसाच्या वाटेला जायचेच नाहीत. माझा कुत्रा गेला आणि आता हा मला बघवत नाही. तुम्ही ठेवा."

अब्बा नको नको म्हणत राहिले, पण त्यांचा हात तोवर कुत्र्याच्या पाठीवर गेला होता.

अम्मा पडद्याआड उभी होती. पाहुणे गेल्यावर ती बाहेर आली आणि कुत्र्याकडे न बघता म्हणाली, "मूरत, आणि तीही कुत्र्याची. ज्या घरात हे असतं तिथं रहमतचे फरिश्ते पाऊल ठेवत नाहीत. तुम्हाला मी सांगायला पाहिजे का?"

"पूजा कोण करतंय त्याची?" अब्बा म्हणाले. "कारीगरी आहे. बघ तर, खांद्याची शीर कशी उतरली आहे."

"मला नाही बघायची."

शेवटी असं ठरलं की कुत्रा बाहेरच्या ओसरीवर राहील आणि अम्मा नमाज आतल्या खोलीत पढेल. ओसरीवरून जाताना ती पदर ओढून तोंड फिरवायची. अब्बा मात्र संध्याकाळी कामावरून आले की पाय धुऊन तिथंच टेकायचे. दिवसभर त्यांनी दुखणाईत जनावरं बघितलेली असायची, लंगडी, जखमा झालेली, मरायला टेकलेली. एक धडधाकट जनावर बघायला मिळतं, असं ते हसत म्हणायचे.

माझा भाऊ तेव्हा नुकता बोलायला लागला होता. पुढं दोन-तीन वर्षं त्याची आणि कुत्र्याची दोस्ती राहिली. भाऊ कुत्र्याला भाकरीचा तुकडा द्यायचा, थंडीत त्याच्यावर माझी ओढणी पांघरायचा, रोज त्याचं नवं नाव ठेवायचा आणि आम्ही कालचं नाव घेतलं की रुसायचा. कुत्रा कशाची वाट बघतोय, असं त्यानं एकदा अब्बांना विचारलं. "तितराची," अब्बा म्हणाले. मग भाऊ ओसरीसमोरच्या मातीत तितर शोधत बसायचा. अम्मा दारातून बघायची.

पावसाळा सरता सरता भावाला ताप भरला. मुदतीचा ताप, असं दवाखान्यातल्या डॉक्टरांनी सांगितलं. थांबायचं, पातळ द्यायचं, दुसरा इलाज नाही. अब्बा बिछान्याशेजारी बसून राहायचे. गावातले लोक बैल घेऊन यायचे आणि दारातून परत जायचे. एकदा मी अब्बांना स्वतःशीच बोलताना ऐकलं, "जनावर असतं तर मला कळलं असतं."

भावानं कुत्रा मागितला. अम्मा म्हणाली, "या खोलीत नाही. इथं मी कुराण पढते त्याच्यासाठी."

भाऊ मागतच राहिला. त्याच्यात रडायचीही ताकद उरली नव्हती, नुसता ओठ हलवायचा. दुसऱ्या दिवशी अम्मा विहिरीवर गेलेली असताना अब्बांनी कुत्रा एकट्यानं उचलून आत आणला आणि उशाशी ठेवला. भावानं तापलेला तळहात त्या थंडगार काशावर ठेवला आणि त्याला डुलकी लागली. अम्मा परत आली, तिनं बघितलं, घागर खाली ठेवली. मुलगा बऱ्याच वेळानं शांत झोपलेला होता, म्हणून ती बोलली नाही.

त्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी भाऊ गेला.

दफन करून लोक परतले. बायका निघून गेल्या. अब्बा भिंतीला टेकून बसले होते. अम्मा त्यांच्यासमोर उभी राहिली. "तुम्ही कुत्र्याला माझ्या लेकराच्या उशाशी बसवलं," ती म्हणाली. "रहमतचे फरिश्ते दारातून परत गेले. मौतीचा तेवढा आत आला."

अब्बांनी मान वर केली नाही. मला वाटलं होतं ते भांडतील, समजावतील. ते भांडले असते तर बरं झालं असतं.

अम्मानं कुत्रा मोडीत घालायला सांगितला. अब्बांनी तो उचलून औषधांच्या खोलीत ठेवला आणि कडी लावली. त्यानंतर ते जेवण झालं की त्या खोलीत जाऊन बसायचे. अम्मा स्वयंपाकघरात. मधे मी. एकमेकांचे निरोप मी पोचवायचे, "अब्बांना म्हण, पीठ संपलं," "अम्माला सांग, मला उद्या बाहेरगावी जायचंय." दोघंही माझ्याशी गोड बोलायचे. घरात कधी आवाज चढला नाही.

मग रझाकारांचे दिवस आले. ओळखीची हिंदू घरं एकेक करून सामान बांधून हद्दीपलीकडे बार्शीला निघून गेली. अब्बांना कुणी जुलूसात ओढायला आलं की ते म्हणायचे, मला गाय बघायला जायचंय, आणि सायकल काढायचे. आणि एके दिवशी बातमी आली की हिंदुस्थानची फौज हद्दीतून आत आली. आता घाबरायची पाळी आमची होती. कुठं काय झालं, कुणाला काय केलं, याच्या गोष्टी आमच्या मोहल्ल्यात कुजबुजत फिरू लागल्या. त्यातल्या सगळ्या खोट्या नव्हत्या.

ज्यांच्या बैलजोडीला अब्बांनी एकदा मरणातून काढलं होतं असे एक शेतकरी भल्या सकाळी गाडी घेऊन दारात आले. "सायेब, लेकराबाळास्नी घिऊन चला माज्या वस्तीवर," ते म्हणाले. "हितं थांबू नगा. लई वंगाळ वारं सुटलंय."

अम्मानं कपडे आणि कुराण बांधलं. अब्बा औषधांच्या खोलीत गेले आणि कुत्रा छातीशी धरून बाहेर आले. वजनानं त्यांचे पाय लटपटत होते.

अम्मा कित्येक महिन्यांनी त्यांच्याशी थेट बोलली. "मुलीचा हात धरा," ती म्हणाली. "हा धराल की ही धराल?"

अब्बा उंबऱ्यावर थांबले. ते शेतकरी घाई करत होते. त्यांनी कुत्रा हळूच तिथं उंबऱ्यातच ठेवला आणि माझा हात धरला.

वस्तीवर आम्ही गोठ्यात राहिलो, कडब्याच्या आडोशाला. घरच्या बायका भाकऱ्या आणून द्यायच्या. कुणी येताना दिसलं की आम्ही कडब्याच्या मागं सरकायचो. अब्बा गुरांच्या अंगावरून हात फिरवत बसायचे. सारं निवळल्यावर परंड्याला परतलो तेव्हा घराला दारं नव्हती. भांडी, बिछाने, औषधांच्या बाटल्या, सगळं गेलं होतं. कुत्राही गेला होता. अम्मानं सगळ्यात आधी उंबऱ्याकडे बघितलं, हे मला आठवतं.

नव्या सरकारनं अब्बांची नोकरी ठेवली. पण ते पूर्वीसारखे राहिले नाहीत. चालताना खांदे पुढं पडायचे, आणि लोक घाबरत घाबरत विचारायचे, सायेब, बरं न्हाय का?

साधारण वर्षानं ते सोनारीच्या वाटेवरच्या एका वस्तीवर बैल बघायला गेले आणि परत आले ते ओसरीवर नुसते बसून राहिले. मग मला न सांगता थेट अम्मालाच म्हणाले, "तो सापडला."

शेताच्या बांधावर भैरोबाचं एक लहानसं देऊळ होतं, चार दगडांचं. सोनारीच्या भैरोबाला जाणारे लोक तिथं टेकायचे. देवासमोर, वाहन म्हणून, आमचा कुत्रा बसवला होता. शेंदूर फासलेला, गळ्यात रुईच्या पानांची माळ.

दोन दिवसांनी आम्ही तिघं बैलगाडीनं गेलो. अम्मा बुरख्यात. तीही येते म्हणाली, याचं अब्बांना नवल वाटलं असावं. देवळाची झाडलोट करणारे म्हातारबा अब्बांना ओळखत होते. त्यांनी डोक्यावरचं मुंडासं काढून हातात घेतलं.

"सायेब, तुमचाच हाय ह्यो," ते म्हणाले. "म्या खोटं बोलनार न्हाय. त्या गडबडीत पोरांनी आनला. मोडीतच घालनार हुते. मंग बायका म्हनल्या, ह्यो तर भैरोबाचा. न्यायचा तर न्या. म्या आडवा येत न्हाय."

अब्बा पुढं झाले. शेंदराच्या थरानं बरगड्या बुजल्या होत्या, पायाखालचं पान दिसत नव्हतं. तरी तो उचललेला पाय तसाच होता. अब्बांनी त्याला मिठीत धरण्यासाठी हात पसरले आणि मागून अम्मा म्हणाली, "राहू द्या."

अब्बा वळले.

"राहू द्या त्याला इथं," ती म्हणाली. "घरी न्यायचा नाही."

म्हातारबा एकदा अम्माकडे, एकदा अब्बांकडे बघत राहिले. देवळाच्या सावलीत एक बाई मुलाला घेऊन बसली होती, तीही बघायला लागली. अब्बांचे हात तसेच थोडा वेळ हवेत होते. मग त्यांनी ते खाली घेतले. गाडीत बसल्यावर बऱ्याच अंतरानंतर ते बोलले, आणि आवाज इतका साधा होता की मला भीती वाटली. "दोनदा," ते म्हणाले. "दोनदा तू मला त्याला सोडायला लावलंस."

अम्मा गाडीच्या मागून त्या वाटेकडे बघत होती.

पुढं अब्बांची बदली लोहाऱ्याकडे झाली. माकणीच्या बाजूला आम्ही भाड्याच्या घरात राहिलो. माझं लग्न तिथूनच झालं. दोघं एका छपराखाली राहिले, एकमेकांची दुखणी काढली, ईदला एकमेकांना सलाम केला. पण बोलण्यासारखं त्यांच्यात काही उरलं नव्हतं. अब्बा निवृत्त व्हायच्या आत गेले. छातीत कळ आली, गोठ्याच्या दारात बसले आणि तिथंच संपलं.

इद्दत, म्हणजे विधवेनं घरात काढायचे चार महिने दहा दिवस, संपल्यावर मी अम्माला माझ्याकडे आणलं. एक दिवस तांदूळ निवडता निवडता मी विचारलं, "अम्मा, म्हातारबा कुत्रा देत होते. तू का नको म्हणालीस? इतका राग होता का त्याचा?"

तिचे हात थांबले. "राग कसला," ती म्हणाली. "ती बाई बघितलीस ना तिथं? तिच्या मांडीवर पोरगा होता. तापानं फणफणलेला. आपण गाडीतून उतरत होतो तेव्हाच तिनं त्याचा हात धरून कुत्र्याच्या डोक्याला लावला होता, आणि ती तिथंच बसली होती, उतार पडायची वाट बघत. आपण तो उचलून गाडीत घातला असता, आणि त्या लेकराचं काही बरंवाईट झालं असतं, तर ती बाई जन्मभर काय म्हणत राहिली असती, ते मला ठाऊक आहे."

मी सूप बाजूला ठेवलं. "मग हे अब्बांना का नाही सांगितलंस? गाडीतच सांगायचं होतंस."

"त्यांनी विचारलं नाही," अम्मा म्हणाली. "दोनदा सोडायला लावलंस, एवढं म्हणाले. का, ते विचारलं नाही. मीही वाट बघत राहिले, आज विचारतील, उद्या विचारतील."

त्या पोराला मग उतार पडला की नाही, हे तिला माहीत नव्हतं. त्या वाटेनं आम्ही पुन्हा कधी गेलो नाही.