‘खात्री नाही’ असं लिहिणारे सुहासराव

सुहासरावांची साठी आणि त्यावर मी लिहायचं! मी सातवीपर्यंतच शिकलेला, काही चुकलं तर आपण सर्वांनी सांभाळून घ्यावं.

आमची ओळख पाण्यामुळे झाली. जुन्या जालन्यात नळ कोणत्या दिवशी येईल याचा भरवसा नसे. त्या काळजीनं मी गाव सोडत नसे. संगणकाचे वर्ग घेणारे सुहासराव आमच्या गल्लीत राहायला आले आणि त्यांनी चक्क पाण्याची वेबसाइट काढली! पाणी सोडणाऱ्या माणसांना ते रोज स्वतः फोन करून विचारत.

आम्ही गल्लीकरांनी सूचना सुरू केल्या. हलतं पाणी दाखवा, गाणं लावा, नगरसेवकांचा फोटो टाका. ते हसून मला म्हणाले, "नाना, फोटो उघडेपर्यंत नळ जाईल!"

त्यांनी एवढंच ठेवलं: गल्लीचं नाव, पुढे पाण्याची वेळ. कळलं नसेल तर ‘खात्री नाही’.

मला राहवलं नाही. "खात्री न्हाई हे तर मला बी सांगता येतं. त्याला कम्प्युटर कशाला?"

"एकदा अंदाजानं लिहिलं ना नाना, मंग खरं लिहिलेलं बी कुणी मानणार न्हाई."

बाजारातल्या कॅफेत सगळ्यात जुन्या संगणकावर ते पान उघडून बघत. तिथे अडलं की आणखी काहीतरी काढून टाकत. ज्यांना संगणक जमत नाही त्यांच्यासाठी तोच मजकूर पिठाच्या गिरणीवर स्वतः चिकटवत.

पुढे परतूरला लेकीच्या मुलाचं बारसं होतं. इकडे जालन्यात घराला कुलूप, टाकी रिकामी. जेवणाआधीच मी पिशवी उचलली. संगीता चिडली, "दादा, माझ्या लग्नात बी पंगत टाकून पळाल्ते! तुमची लेक मी का नळ?"

जावयांनी मला कॅफेत नेलं. पान लगेच उघडलं! आमच्या गल्लीपुढे होतं, ‘उद्या संध्याकाळी’. इतक्यांदा तिथे ‘खात्री नाही’ वाचलं होतं, म्हणूनच त्या दोन शब्दांवर विश्वास बसला. मी थांबलो. पोटभर जेवलो. नातू माझ्या मांडीवर झोपला आणि संगीता पुन्हा पुन्हा वाढत राहिली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी घरी नळ आला.

काळजी मी आजही करतोच, पण लेकीकडे जेवून करतो. हे सुख देणाऱ्या सुहासरावांना ठणठणीत तब्येत आणि भरपूर वर्षं मिळोत. रक्तदाबाची गोळी मात्र त्यांनी चुकवू नये, मला इकडे चैन पडत नाही.