व्हॅनकाका व्हिलन झाले

आमच्या ह्यांना सिनेमात घेणार, आणि तेही व्हिलन म्हणून, हे कळलं तेव्हा मी शिलाई मशीनवर बसले होते. इतकी हसले की गणवेशाच्या बाहीवर शिलाई भलतीकडेच गेली. झुरळ मारायचं म्हटलं तरी ज्याला घाम फुटतो, तो माणूस काय डोंबलाचा व्हिलन होणार!

हे शाळेची व्हॅन चालवतात. सोळा वर्षं झाली. चौदा मुलं, सकाळी नेतात, दुपारी आणतात. गाडी सुरू करण्याआधी मोठ्याने डोकी मोजतात. मूल घरी सोडलं की कोणीतरी दार उघडून त्याला आत घेईपर्यंत जागचे हलत नाहीत, मागचे हॉर्न वाजवून वाजवून थकतात. सगळे त्यांना व्हॅनकाका म्हणतात, माझे सख्खे भाऊसुद्धा.

सिनेमा करणारी पोरं काही परकी नव्हती. कॉलेजातली सहा-सात जणं, त्यातली निम्मी लहानपणी ह्यांच्याच गाडीतून शाळेत गेलेली. दिग्दर्शक म्हणजे चष्मा. तिला खरं नाव आहे, पण पहिलीत असताना तिचा चष्मा तिच्या तोंडापेक्षा मोठा होता आणि तेव्हापासून हे तिला चष्माच म्हणतात. आता बाईसाहेब एकोणीस वर्षांच्या. आमच्या खोलीत आल्या, पलंगावर मांडी घालून बसल्या आणि गोष्ट सांगायला लागल्या. एक पंधरा वर्षांची मुलगी. तिची फोनवर एका मुलीशी मैत्री होते. दोन महिने रोज गप्पा, गुपितं, फोटो. मग भेटायचं ठरतं. ही ठरलेल्या जागी जाते, तर तिथे एक माणूस गाडी घेऊन उभा. मैत्रीण कधी नव्हतीच, सगळं तोच लिहीत होता. बारा मिनिटांचा थ्रिलर, शाळाशाळांतून दाखवायचा, म्हणजे पोरं सावध होतील.

"आणि तो माणूस मी?" हे म्हणाले.

"गाडी तुमचीच आहे ना काका," चष्मा म्हणाली. "भाड्याने घ्यायची म्हटली तर आमचे वांधे होतील."

हे तयार झाले. चष्म्याला ह्यांनी कधी नाही म्हटलेलं मला तरी आठवत नाही.

शूटिंग रविवारी, शाळेमागच्या मोकळ्या जागेत. मीही गेले, अशी गंमत कोण सोडतंय! पोरांनी ह्यांना काळा गॉगल घातला, मफलर गुंडाळला, दातओठ खाऊन बोलायला सांगितलं. ह्यांनी दातओठ खाल्ले तर वाटलं, दाढ दुखतेय. कॅमेरावाल्या पोराला हसू आवरेना, तो खालीच बसला. त्यात हिरॉइन गाडीत शिरली की हे सवयीने म्हणायचे, "दप्तर मांडीवर घे." अख्खी सकाळ अशी गेली.

शेवटी चष्म्याने ह्यांचा गॉगल काढला, मफलर काढला. म्हणाली, "काका, तुम्ही काहीच करू नका. आम्हाला गाडीत घेताना बोलायचात ना, तसंच बोला."

हे गाडीचं दार उघडून उभे राहिले. हिरॉइन आली. हे हसले आणि म्हणाले, "आलीस बाळा? दमलीस का? ये, आत बस. पाणी पी आधी."

कोणी हसलं नाही. वर्षानुवर्षं ऐकतेय मी हे वाक्य. पण ती मुलगी कोणाला भेटायला आलीय आणि पुढे कोण उभं आहे हे माहीत असताना ते ऐकवेना. कॅमेरावाला हळूच म्हणाला, "बाप रे." चष्मा म्हणाली, "झालं. हाच घ्यायचा."

शाळेच्या सभागृहात मोठ्या मुलांना आणि थोड्या पालकांना सिनेमा दाखवला. तो सीन आला आणि सगळं सभागृह चिडीचूप. मला तर आभाळ ठेंगणं झालं! मी फोन वर धरून पडद्यावरचा तेवढा मिनिटभराचा सीन काढला आणि बसल्या जागेवरून माहेरच्या ग्रुपवर टाकला. त्याखाली लिहिलं, 'बघा आमच्या ह्यांचा अभिनय.' तेवीस जण आहेत त्यात, बहिणी, वहिन्या, भाच्या. सगळ्यांनी टाळ्या पाठवल्या.

दहा दिवसांनी फोन यायला लागले. एका मुलाची आई म्हणाली, उद्यापासून आजोबा सोडतील. दुसरी म्हणाली, आम्ही घर बदलतोय. तिसरीने कारणच दिलं नाही. मग माझ्या चुलत नणंदेने मला एक व्हिडिओ पाठवला. वर ह्यांचा चेहरा आणि खाली लिहिलेलं, 'सावधान! हा माणूस व्हॅन घेऊन शाळांजवळ फिरतो. गोड बोलून मुलींना गाडीत बसवतो. सोबत एक बाईही असते. जास्तीत जास्त लोकांना पाठवा.'

मी तो उघडलासुद्धा नाही, माझं डोकंच फिरलं. सिनेमा मी दोनदा बघितला होता, त्यात बाई कुठून आली? म्हटलं, ही त्या पोरांचीच करणी. जाहिरातीसाठी तुकडा टाकला असणार आणि हा सिनेमा आहे हे लिहायला विसरली असणार.

आठवड्याभरात चौदातली पाच मुलं उरली. शाळेच्या फाटकाशी एका वडिलांनी ह्यांच्यासमोर फोन धरला, व्हिडिओ लावला आणि विचारलं, "हे तुम्हीच ना?" ह्यांचा फोन बटणांचा, त्यात असलं काही येत नाही. त्यांनी तो तिथे पहिल्यांदा बघितला, शेवटपर्यंत. "मीच," म्हणाले. घरी येऊन मुकाट्याने जेवले. त्या दिवसापासून ते गाडीतल्या मुलांशीही बोलेनासे झाले. दार उघडायचं, दार लावायचं, बस.

चष्मा धावत आली. मी तिला दारातच फैलावर घेतलं. "सोळा वर्षांच्या नावाची माती केलीत! तुमचा सिनेमा होतो आणि आमचा माणूस तोंड लपवत फिरतो!"

"काकू, शप्पथ, आम्ही कुठेच टाकलेला नाही," ती म्हणाली. "स्पर्धेला पाठवायचाय, आधी बाहेर आला तर बाद होतो."

"मग काय आकाशातून पडला?"

ती चष्मा हातात घेऊन रडायला लागली. हे आतून म्हणाले, "पोरीला बोलू नकोस." मी म्हटलं, "तुम्ही गप्प बसा! तुमच्या भोळेपणापायीच ही वेळ आलीय." मनात येईल ते बोलले मी तिला. तरी त्या पोरांनी सगळा खुलासा करणारा वेगळा व्हिडिओ केला. पन्नास जणांनीही बघितला नाही. घाबरवणारं सगळे पाठवतात, हे कोण पाठवणार?

पंधरा दिवसांनी माझ्या भाचीचा फोन आला. घाबरत घाबरत म्हणाली, "मावशी, तो व्हिडिओ फिरतोय ना, त्यात तुझा आवाज आहे गं."

तेव्हा मी तो उघडला. चित्र हलत होतं. कोपऱ्यात पुढच्या रांगेतल्या कोणाचं तरी टक्कल. पडद्यावर हे त्या मुलीला गाडीत बसवतात. आणि अगदी शेवटी, फोनच्या जवळून, एक बाई खुदकन हसते आणि म्हणते, "अगं बाई, जमलं की!"

सोबतची बाई ती. म्हणजे मी. माझ्या तेविसांतल्या कोणीतरी कौतुकाने पुढे पाठवला, त्याने आणखी पुढे. व्हिडिओ गेला आणि मी खाली लिहिलेली ओळ ग्रुपवरच राहिली. मग कोणीतरी शहाण्याने नवी ओळ जोडली.

हे बाहेर बादली घेऊन गाडी धूत होते. मी जाऊन सांगितलं. सांगताना माझी जीभ अडखळत होती, जी कधी अडखळत नाही.

"माहितीय मला," हे म्हणाले.

"कधीपासून?"

"फाटकाशी बघितला तेव्हापासून. बावीस वर्षं तुझं हसणं ऐकतोय, ओळखणार नाही?"

"मग बोलला का नाहीत? मी त्या पोरीला नाही नाही ते बोलले!"

"म्हटलं होतं मी, बोलू नकोस म्हणून." त्यांनी फडका पिळला. "तू इतकी खुश होतीस गं त्या दिवशी."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. रागही आला, ह्यांचा आला, की एवढा चांगुलपणा कशाला करायचा माणसाने!

आधी चष्म्याकडे गेले. वाटलं होतं, म्हणेल, जाऊ दे काकू. ती तसं म्हणाली नाही. म्हणाली, "मला दोन आठवडे जेवण गेलं नाहीये." मग तिने चपला घातल्या आणि म्हणाली, "चला. एकेका घरी जाऊ."

नऊ घरं होती. हेही बरोबर आले. प्रत्येक दारात मी व्हिडिओ लावायचे आणि सांगायचे, हे मी काढलंय, ही हसणारी बाई मी. कोणाला खरं वाटायचं नाही. मग मला तसंच हसून दाखवावं लागायचं, "अगं बाई, जमलं की!" परक्याच्या दारात उभं राहून, डोळ्यांत पाणी असताना. चष्मा मागून पूर्ण सिनेमा दाखवायची. काहींनी माफी मागितली, काहींनी बघू म्हटलं, दोघींनी दार लावून घेतलं.

शेवटचं घर पहिलीतल्या एका मुलीचं. तिची आई नर्स, नुकतीच कामावरून आलेली. तिने सगळं शांतपणे ऐकलं, सिनेमाही बघितला. मग म्हणाली, "पटलं मला. पण ताई, एक विचारू? तुमची मुलगी असती आणि तुमच्या फोनवर हे आलं असतं, तर तुम्ही तिला त्या गाडीत बसवलं असतं?"

पंधरा दिवस मी ह्या सगळ्या आयांना शिव्या घालत होते. हे दोन पावलांवर उभे होते. खोटं बोलता आलं असतं मला.

"नसतं बसवलं," मी म्हणाले.

हे म्हणाले, "मीपण नसतं."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ह्यांच्याबरोबर गाडीत पुढे बसले होते. ती पोरगी दप्तर घेऊन दारात उभी होती. आईने तिला गाडीपर्यंत आणलं, आत बसवलं, क्षणभर ह्यांच्याकडे बघितलं आणि स्वतःही तिच्या शेजारी बसली.

"शाळेपर्यंत येते," ती जरा ओशाळून म्हणाली.

"या की," हे म्हणाले. "रोज या."