खोटी जांभई

काल फोनच्या पडद्यावर माझ्या नातीने जांभई दिली. डोळे मात्र टक्क उघडे होते. जर्मनीत राहणारा माझा मुलगा तिला जर्मनमध्ये हळूच म्हणाला होता, "आजोबांना सांग, झोप आली." मला ते कळेल, हे त्याच्या ध्यानीमनीही नव्हतं.

नातीशी बोलता यावं म्हणून मी गुपचूप जर्मनचा क्लास लावलाय. तिथे बाई गोष्टीच वाचत बसतात. एका गोष्टीतला बाप, न उठणाऱ्या पाहुण्याला कटवायला, पोरीला हेच सांगतो. मी भडकलो होतो. "बाई, शून्यातून भांड्यांचं दुकान उभं केलंय मी. मला रोजच्या कामाची वाक्यं द्या, असल्या गोष्टी नकोत." त्या हसल्या. "काका, घरात माणसं अशीच बोलतात."

कामाच्या वाक्यांनी मला परक्या बाजारात फिरवून परत आणलं असतं. गोष्टीने थेट मुलाच्या घरात नेलं, आणि तिथे तो न उठणारा पाहुणा मीच निघालो. बाईंनी माझं ऐकलं असतं, तर काल मी सुखाने फसलो असतो.

नातीसाठी घोकलेलं जर्मन वाक्य मी गिळलं. "झोप हं बाळा," असं मराठीत म्हणालो आणि तिच्याआधी मीच फोन ठेवला.