हीटसिंकपायी चोर ठरलो

आम्ही तिघांनी मिळून आयुष्यात अ‍ॅम्प्लिफायर किती बनवले, असं कुणी विचारलं तर आकडा सांगायला लाज वाटते. पण त्यापायी किती ठिकाणी चोर ठरलो, हे विचारा! सांगायला बसलो की एकातून दुसरा किस्सा निघतो आणि चहा गार होतो.

तिघं म्हणजे मी, डहाणूच्या शाळेतला विज्ञानाचा मास्तर. दुसरा चिंतूभाऊ, बोर्डीचा चिकूवाडीवाला. आणि तिसरा प्रभाकर, रेल्वेच्या सिग्नल खात्यात टेम्पररी. हा 'टेम्पररी' शब्द लक्षात ठेवा. बरीच वर्षं झाली तरी त्याची कायमची ऑर्डर येत नव्हती, आणि वरून सांगून ठेवलेलं, रेकॉर्ड स्वच्छ हवं. नावावर एक तक्रार आली तरी घरी बसावं लागेल. घरात तो आणि विधवा आई, मिळवता हा एकटाच.

साठ सालानंतर रेडिओतले काचेचे व्हॉल्व्ह मागे पडले आणि ट्रान्झिस्टर आले. अ‍ॅम्प्लिफायरमधला मोठा ट्रान्झिस्टर भयंकर तापतो. त्याला जाड धातूच्या तुकड्यावर बसवायचं, म्हणजे उष्णता पसरते आणि तो जळत नाही. तो तुकडा म्हणजे हीटसिंक. ट्रान्झिस्टर मुंबईहून मागवता यायचा. पण हीटसिंक? डहाणूत हा शब्दच आम्ही तिघं सोडून कुणाला ठाऊक नव्हता.

*

पहिला संशयात्मा छगनशेठ भंगारवाला. त्याच्याकडे अ‍ॅल्युमिनियमचे, म्हणजे आपल्या बायका ज्याला जर्मन म्हणतात त्याचे, जाडजाड तुकडे यायचे. प्रभाकरची युक्ती अशी, की आधी तासभर लोखंड चिवडायचं आणि जाता जाता सहज विचारल्यासारखं जर्मनला हात लावायचा.

तिसऱ्या खेपेला छगनशेठ म्हणाला, "मास्तर, तुमी लोखंडकडे बघते, पन डोळा जर्मनवर हाय. सू करवानुं छे याचं?"

मी प्रामाणिकपणे सांगितलं, "शेठ, अ‍ॅम्प्लिफायर गरम होतो. तो थंड ठेवायला."

"ठंडा करवा माटे? तो पंखो लावा ने!"

मग त्याने प्रभाकरला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "आनि तुमी तो सरकारी मानूस. सरकारी मानूस माज्याकडे माल घ्यायला येते? कायतरी गडबड हाय!"

त्या दिवसापासून त्याने प्रभाकरला काही विकलं नाही. मला एकट्याला विकायचा, तेही दुप्पट भावाने.

*

ट्रान्झिस्टर आणि हीटसिंक यांच्यामध्ये अभ्रकाची पातळ चकती लागते, नाहीतर शॉर्ट होतं. अभ्रक घरात एकाच ठिकाणी असतो, विजेच्या इस्त्रीत. आमच्या इस्त्रीने माझ्या हातून प्राण सोडला आणि मी बायकोला सांगितलं, व्होल्टेजचा घोटाळा आहे.

चकतीच्या दोन्ही बाजूंना काहीतरी तेलकट लावावं लागतं. मुंबईचं ग्रीस मिळेना, म्हणून चिंतूभाऊने डोकं चालवलं. "घरचं साजूक तूप आहे की!" लावलं. अ‍ॅम्प्लिफायर तापला आणि माडीवरून खमंग वास सुटला. बायको तरातरा वर आली. टेबल बघितलं, टेबलाखाली बघितलं, कपाटसुद्धा उघडलं.

"काय शोधतेस?" मी विचारलं.

"कढई! तिघं मिळून शिरा करून खाताय वर आणि मला सांगताय सोल्डरिंग चाललंय!"

तिचं आजही तेच मत आहे.

*

चिंतूभाऊला वापीला मोडक्या मोटारसायकलच्या इंजिनाचा सिलिंडर मिळाला. बाहेरून पात्याच पात्या, हीटसिंक म्हणून एक नंबर. तो पोत्यात घालून चिंतूभाऊ आणि प्रभाकर एस.टी.ने निघाले. तलासरीच्या नाक्यावर हवालदार गाडीत चढला. दारूबंदीचे दिवस, त्यात हद्दीवरचा नाका. पोतं उघडायला लावलं.

"हे काय?"

प्रभाकर आधीच गांगरलेला. त्याला नको तेव्हा खरं बोलायची खोड. म्हणाला, "थंड करायला आहे साहेब."

"काय थंड करायला?"

"म्हणजे... आधी ते खूप तापतं. मग याने थंड होतं. मग पुढे आवाज मोठा येतो."

हवालदाराने मान डोलावली. "बरोबर आहे. भट्टीचंही असंच असतं. आधी तापतं, मग थंड होतं, मग पिणाऱ्याचा आवाज मोठा येतो! उतर खाली."

दोन तास बसवून घेतलं. चिंतूभाऊने वापीत विकून उरलेले अर्धी टोपली चिकू उतरवले, तेव्हा सुटका झाली. पण प्रभाकरचं नाव आणि खातं हवालदाराच्या वहीत लिहिलं गेलं ते गेलंच. त्यानंतर आठ दिवस तो बिचारा धड जेवला नाही. पोस्टमन दिसला तरी त्याला धडकी भरायची.

*

आणि जे आम्ही केलं नाही, त्यातसुद्धा आम्हीच अडकायचो. जंगल खात्यातले एक निवृत्त साहेब आमच्या आळीत राहायचे. त्यांच्या फाटकावरची नावाची अ‍ॅल्युमिनियमची पाटी एका रात्रीत नाहीशी झाली. सगळी आळी आमच्याकडे बघू लागली. प्रभाकर म्हणाला, "मास्तर, आपण होऊन जाऊ आणि स्पष्ट सांगून टाकू. तक्रार गेली तर माझं काही खरं नाही."

गेलो. साहेब झोपाळ्यावर बसले होते. आम्ही शपथा घेतल्या. साहेब नुसते "हं, हं" करत होते. शेवटी प्रभाकरला राहवलं नाही.

"साहेब, तुमची पाटी आम्ही कशाला नेऊ? ती एक मिलिमीटरसुद्धा जाड नाही. आम्हाला चालणारच नाही ती!"

झोपाळा थांबला.

"जाडी कधी मोजलीत?" साहेबांनी विचारलं.

आम्ही चपला घालून घरी आलो. खरं सांगायचं तर फाटकावरून जाताना मीही एकदा ती पाटी दोन बोटांत धरून पाहिली होती. पुढे ती पाटी नाल्यात सापडली म्हणून प्रभाकर वाचला.

*

जगाने आमच्यावर संशय घेतला त्याचं दुःख नाही. आम्ही एकमेकांवर घेतला, त्याची मात्र लाज वाटते. तिघांनी वर्गणी काढून मुंबईहून एकदा खराखुरा हीटसिंक आणला होता. काळा, ओळीने पात्या असलेला. तो आळीपाळीने प्रत्येकाकडे राहायचा. बोर्डीला चिंतूभाऊकडे असताना तो हरवला.

"हरवला म्हणजे? तो काय पाय फुटून गेला?" मी म्हणालो.

"मागच्या रविवारी तू आला होतास ना मास्तर?" चिंतूभाऊ म्हणाला. "तुझी पिशवी जाताना जड दिसत होती."

"त्यात तुझेच चिकू होते!"

दीड महिना आम्ही एकमेकांशी बोललो नाही. प्रभाकर दोघांच्यामध्ये निरोप्या. अखेर त्यानेच एकदा वाडीतल्या विहिरीवर हातपाय धुताना पाहिलं, कट्ट्यावर हीटसिंक, आणि त्याच्या पात्यांवर साबणाची वडी!

चिंतूभाऊची बायको शांतपणे म्हणाली, "पाणी निथळून जातं हो भावजी, साबण मुळीच विरघळत नाही. आणखी एक आणाल का? एक न्हाणीत ठेवीन."

*

आता शेवटचा. हा मी सहसा सांगत नाही.

घोलवडच्या बाजूला रेल्वेची तांब्याची तार चोरीला गेली. चौकशी सुरू झाली आणि कुणीतरी प्रभाकरचं नाव घेतलं. एवढ्या गोष्टी गावभर झाल्यावर न घेईल तर नवल! एका रविवारी दुपारी मी आणि प्रभाकर त्याच्या खोलीत अ‍ॅम्प्लिफायरचं झाकण लावत असताना चौकशीचे साहेब दारात उभे राहिले. बरोबर दोन शिपाई. प्रभाकरची आई, म्हणजे आमच्या काकू, ओट्याशी भाकऱ्या थापत होत्या.

साहेबांनी झाकण उघडायला लावलं. आत लालबुंद तांब्याचा जाड पत्रा, त्यावर दोन ट्रान्झिस्टर. याच्यापेक्षा चांगला हीटसिंक डहाणूत कुणाकडे नव्हता.

"तांबं कुठून आणलं?"

प्रभाकरने ओट्याकडे पाहिलं.

"तार वितळवून पत्रा केला?"

"नाही साहेब."

"मग कुठून आलं?"

मला ठाऊक होतं कुठून आलं ते. काकूंच्या लग्नातलं घंगाळ! बूड गळतंय म्हणून तांबटाकडे दिलंय, असं सांगून सहा महिन्यांपूर्वी याने ते कापलं होतं. काकू दर आठवड्याला विचारायच्या आणि हा दर आठवड्याला तांबटाला आजारी पाडायचा. आता खरं बोलावं तर काकू चार हातांच्या अंतरावर उभ्या. न बोलावं तर नोकरी जाते. मी त्याच्याकडे बघत होतो आणि हा वेडा ओठ घट्ट मिटून जमिनीकडे बघत होता. मला त्याचा इतका राग आला, की मीच सांगून टाकणार होतो.

साहेबांनी स्क्रू काढायला लावले आणि पत्रा उलटा केला. मागे ठिपक्याठिपक्यांनी अक्षरं कोरलेली, कडेला अर्धी कापली गेलेली. लग्नातल्या भांड्यांवर देणाऱ्याचं नाव घालतात तशी. साहेबांनी मोठ्याने वाचलं.

"'बाळकृष्ण गोविंद, चिंचणी. चि. यमूस.' म्हणजे रेल्वेचं सोडा, लोकांच्या घरातली भांडीही सोडत नाही तुम्ही! कोण हा बाळकृष्ण गोविंद? कुणाचं घर फोडलंत?"

भाकरी थापायचा आवाज थांबला. काकू पिठाचे हात तसेच घेऊन पुढे आल्या. त्यांनी साहेबांच्या हातातला पत्रा घेतला, अक्षरांवरून बोट फिरवलं. बोटाचं पीठ ठिपक्यांत भरलं आणि नाव पांढरं होऊन स्वच्छ दिसू लागलं.

"माझे वडील," त्या म्हणाल्या.

"आणि यमू?"

"मीच."

साहेब जरा वरमले. तरी वही उघडून म्हणाले, "हे तुमच्या संमतीने कापलं का? तसं लिहावं लागेल मला."

काकूंनी प्रभाकरकडे पाहिलं. त्याने मान वर केली नाही.

"मीच म्हटलं, काप म्हणून," काकू म्हणाल्या. "जुनं झालं होतं. लिहा."

साहेबांनी लिहिलं, काकूंची सही घेतली आणि शिपायांना घेऊन निघून गेले. पुढे यथावकाश प्रभाकरची ऑर्डरही आली. पण त्या दुपारी खोलीत उरलो मी, प्रभाकर आणि काकू. प्रभाकरच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. तव्यावरची भाकरी करपली तरी काकू हलल्या नाहीत.

मग त्यांनी पत्रा पदराने पुसला आणि त्याच्यासमोर ठेवला.

"बसव परत. माझ्या बापाचं घंगाळ कशासाठी कापलंस, ते ऐकू दे तरी मला."