अर्ध्या अंतऱ्याच्या बाई

गाणं संपलं की लोक दाद देत; आमच्या गाण्याच्या बाई मात्र विचारत, "चाल कुणाची?" कुणी 'पारंपरिक' म्हणालं की चिडत. "पारंपरिक नावाची बाई मला अजून भेटली नाही. नाव सांगा!"

सांगलीत बाईंनी आयुष्यभर गाणं शिकवलं. निवृत्तीनंतर त्यांना ध्यास लागला तो बायकांनी चाली बांधलेल्या, विसरल्या गेलेल्या भावगीतांचा. मी त्यांचा जुना विद्यार्थी. पन्नाशीत त्यांच्यामागे तंबोरा घेऊन हिंडू लागलो. एसटीत बाई शेजारणीला खुशाल विचारत, "तुमच्या आई काय गुणगुणायच्या हो?"

मलकापूरच्या सरूबाई मास्तरणींच्या एका गाण्याचं धृपद त्यांना असंच मिळालं. अंतरा मिळेना. मी म्हणालो, "आपण बांधू की."

"दुसरीच्या लुगड्याला आपलं ठिगळ? मुळीच नाही."

अंतरा ठाऊक होता फक्त सरूबाईंच्या सुनेला, आक्कांना. त्या ऐंशीच्या. "गा म्हनल्यावर गानं येतं व्हय? हाताला काम लागलं की येतंय," असं म्हणून त्यांनी शेंगांचं सूप पुढ्यात ओढलं. बाई पदर खोचून त्यांच्याबरोबर शेंगा फोडायला बसल्या. बऱ्याच वेळानं आक्का गुणगुणू लागल्या. मला राहवलं नाही. मी हळूच मोबाईल काढून पुढे धरला.

आक्का अर्ध्या अंतऱ्यावरच थांबल्या. "ह्ये काय रं? कोर्टात हुबं केल्यागत!" मग काही केल्या गाईनात.

बाहेर आल्यावर बाई एवढंच म्हणाल्या, "कान होते ना रे तुला?" रागावल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. पुढे प्रत्येक बैठकीत त्या अर्ध्या अंतऱ्यापर्यंत गात, थांबत, सरूबाईंचं नाव घेत आणि म्हणत, "पुढचं अजून मिळायचंय." कुणामुळे राहिलं, ते कधी बोलल्या नाहीत. मी मागे मान खाली घालून तंबोरा छेडत बसे.

या हिवाळ्यात बाई गेल्या. मोबाईल घरी ठेवून मी मलकापूरला गेलो.

"बाई न्हाई आल्या?" आक्कांनी विचारलं.

"बाई गेल्या, आक्का."

आक्का शेंगा फोडत राहिल्या. मीही बसलो. मग मान वर न करता त्या म्हणाल्या, "ऐक. एकदाच म्हननार," आणि त्यांनी अंतरा पुरा केला.

परतीच्या एसटीत मी तेवढीच ओळ गुणगुणत होतो. थांबलो तर निसटेल, अशी भीती.

"काका, कुठं जायचं?" कंडक्टरनं विचारलं. मी नोट पुढे केली.

"आवं, गावाचं नाव तर सांगा!"

मी गुणगुणतच काचेवरच्या पाटीकडे बोट दाखवलं. 'सांगली' म्हणायचं धाडस होईना.