उद्यानाचे कुंपण कोणी कापले?

इतकी वर्षे झाली, पण ती घटना अजून डोळ्यांसमोर आहे. नव्वदच्या दशकात मी बारामतीत फौजदार होतो. एका बड्या उद्योगपतींनी गावाबाहेरचे आपले विस्तीर्ण माळरान उद्यान म्हणून लोकांना दान दिले होते. हिवर-बाभळीची झाडे, चिंकारा हरणे, सगळे होते तसेच राखून भोवती तारेचे कुंपण घातले होते.

ऐन उन्हाळ्यात उद्यानाचे व्यवस्थापक तक्रार घेऊन आले. तिसऱ्यांदा कुंपण कापले गेले होते. त्यांचा संशय मेंढपाळांवर होता. जवळच्या कऱ्हाटी गावच्या एका वृद्ध मेंढपाळाला मी ठाण्यात बोलावले. घाबरलेला माणूस एकतर फार बोलतो, नाहीतर गप्प बसतो. हे आबा मात्र शांतपणे बोलू लागले.

"साहेब, पूर्वी आमी तितं मेंढरं चारायचो, खरं हाय. पण मेंढरू तारंतनं गेलं की लोकर अडकती. तुमाला दिसली का?"

मी जागा पाहिलीच नव्हती. ओशाळलो. आबांना सोबत घेऊनच पंचनाम्याला गेलो. तारेला लोकर नव्हती. आबा खाली वाकले. "ही हरणांची खुरं. आतनं भायेर गेल्यात." तारेची टोकेही बाहेरच्या बाजूला वाकलेली होती. म्हणजे कापणारा आत होता, आणि आत राहणारा माणूस एकच, पहारेकरी.

त्याला समोर बसवले, पाणी दिले. अर्धा तास तो नाकबूल करत राहिला. वाकलेल्या टोकांबद्दल विचारताच त्याने मान खाली घातली.

"मीच कापली, साहेब. आतली डबकी आटल्यात. पाणी पल्याडच्या ओढ्याला. एक पाडस तारंत अडकून माझ्यासमोर मेलं."

"व्यवस्थापकांना सांगितलं नाहीस?"

"दोनदा सांगितलं. म्हणले, लेखी अर्ज दे. मला लिवाया येत न्हाय."

दुपारी उद्योगपती स्वतः व्यवस्थापकांना घेऊन ठाण्यात आले. जबाब ऐकून त्यांनी व्यवस्थापकांना एवढेच विचारले, "हा तुमच्याकडे आला होता?"

"हो, पण लेखी काही..."

"तक्रार मागे घ्या. आठ दिवसांत आत पाणवठा झाला पाहिजे. आणि जागा हाच दाखवील."

पाणवठा झाला. पहारेकऱ्याची नोकरी राहिली. मी आबांची माफी मागितली, तर ते हसून म्हणाले, "तुमी बघाया आलात, झालं की."

या प्रकरणाने माझी कामाची रीत बदलली. जागा पाहिल्याशिवाय कुणाला ठाण्यात बोलवायचे नाही, आणि बोलायला आलेल्याचे म्हणणे आधी आपण लिहून घ्यायचे. पुढे इंदापूरला बदली झाली. एकदा पळसदेवची एक बाई दारातच थबकून म्हणाली, "मला लिवाया येत न्हाय." मी काही बोलायच्या आत हवालदाराने तिला खुर्ची दिली आणि कागद स्वतःपुढे ओढला.