वॉचमनची खोली

साहेबांच्या घरी बाईंनी आमच्यापुढं सिमेंटचं रिकामं पोतं अंथरलं. म्हणाल्या, "यावर बसा दोघं. फरशी डागते."

ती फरशी मी बसवली होती. आदिलाबादच्या त्या चार मजली अपार्टमेंटची खोली न् खोली मी गुडघ्यावर सरकत केली. त्या दिवशी मात्र इस्त्रीचा शर्ट घातला होता. तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट विकायला निघाला होता, आणि आमी नवराबायको जन्मात पहिल्यांदा घर घ्यायला निघालो होतो.

साहेब तिथल्या सोसायटीचे सेक्रेटरी. जागा त्यांच्या वडलांची. तीन पिढ्यांपासून इथं तेलंगणात राहणारे मराठीच लोक. मी सातवीतून शाळा सोडून वाशीमकडून आलो तेव्हा पहिलं काम त्यांनी दिलं. त्यांची गाडी दिसली की माझा हात आपोआप कपाळाला जायचा.

"काऊन आला रे? काही फुटलं नाही आमचं."

"साहेब, तो फ्लॅट घेतो म्हणलं."

ते बाईंकडे पाहून हसले. "अरे, इथं सगळे नोकरीवाले. तू लिफ्टमधून रेती नेशील. असं कर, खाली वॉचमनची खोली रिकामी आहे. भाडं नको देऊ. बायको जिने झाडेल."

आणि मी म्हणालो, "मेहरबानी, साहेब."

खरंच म्हणालो. पोत्यावर बसून, हात जोडून.

बायको उठली. जिन्यात म्हणाली, "तुमाले शिवी देल्ली त्यानं. तुमी आभार मानले."

 

अपार्टमेंटच्या मागं नरसव्वाचं कवेलूचं घर. दोन खोल्या, मोठं अंगण. म्हातारी लेकीकडे निर्मलला चालली होती. घर तूच घे, म्हणून माझ्या मागं लागली होती. बायकोला तेच पाहिजे होतं. मला फ्लॅट. गळकं छप्पर, म्युन्सिपालटीचे हेलपाटे, भांडणं. मला सगळ्याची भीती वाटायची. फ्लॅटात पाणी, लिफ्ट, चार शिकलेले शेजारी.

त्या शिकलेल्यांनी अपार्टमेंट बांधताना गाड्यांना जागाच सोडली नव्हती. साहेबांनी त्या लावायला माझ्याकडून नरसव्वाच्या अंगणात फरसबंदी करून घेतली. "म्हातारीला काय समजते." तिनं मला विचारलं होतं, "हे काय करून राह्यला, बाबा?" मी मान खाली घालून म्हणालो, साहेबांना विचार. ते पापही माझंच.

त्या जिन्यातून उतरलो ते सरळ नरसव्वाच्या दारात गेलो. मागच्या महिन्यात रजिस्ट्री झाली.

काल साहेबांचा फोन आला. पहिल्यांदाच 'तुमी' म्हणाले. "आपण मराठी माणसं. गाड्या राहू द्या ना तिथं."

"मोजणी करून घ्या, साहेब," मी म्हणालो.  

सोमवारी भिंत घालतोय. मजूर लावणार नाही, वीट न् वीट मीच लावणार. त्यांच्या गाड्या उन्हात, रस्त्यावर उभ्या राहू द्या. पोलिसांची पावती फाटू द्या. मला आनंदच होईल, खोटं कशाला बोलू.

आणि एक. साहेब कधी आपला फ्लॅट विकतील, तेव्हा कागदावर चौहद्दी लिहावी लागेल. पूर्वेला कोण, पश्चिमेला कोण. पश्चिमेला माझं नाव येईल, बापाच्या नावासकट. त्याच्या खाली त्यांना सही करावी लागेल.

मी ती जागा कोणालाच विकणार नाही.